डेप्थ व्हर्निअर लावून घेतलेला कूलर

मार्च संपता संपता माझ्या संगणकावरचं रेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून चित्र तयार करायचं काम, रेंगाळायला लागलं. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत घरूनच काम करते, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना पॅटर्नची (ओतकामाच्या नमुन्यांची) थ्रीडी मॉडेलं करून देते. थंडीत चाळीस मिनिटांत होणारं चित्र आता तासाला टेकत होतं. तापमान बघितलं तर प्रोसेसर ९० अंशांवर. माझ्या रायझन ७ ५८००एक्स या प्रोसेसरची ती कमाल मर्यादा. तिथं पोचला की तो आपला वेग उतरवतो, आणि माझा ३.९ गिगाहर्ट्झवर अडकला होता.

चूक माझी. ५८००एक्सच्या खोक्यात कूलर, म्हणजे प्रोसेसर गार ठेवणारा पंख्याचा संच, येत नाही, म्हणून आधीच्या रायझन ५ ३६०० प्रोसेसरबरोबर आलेला रेथ स्टेल्थ कूलरच मी पुन्हा बसवला होता. तो ६५ वॉटच्या प्रोसेसरसाठी केलेला, बुटका, ॲल्युमिनियमचा. ५८००एक्सवर १०५ वॉट लिहिलेलं असतं, पण पूर्ण लोडला तो १४२ वॉटपर्यंत घेतो.

नवा कूलर पाण्याचा की हवेचा, यावर मी फार विचार केला नाही. हवेच्या कूलरमध्ये फिरणारी वस्तू म्हणजे पंखा, आणि १२० मिमीचा पंखा कधीही बदलता येतो. पाण्याच्या कूलरचा पंप बिघडला तर बहुतेक वेळा अख्खा संच टाकावा लागतो.

खरा वेळ गेला तो मापं घेण्यात. कूलरची उंची त्याच्या बुडापासून धरतात, आणि ते बूड बसतं प्रोसेसरच्या माथ्यावर. म्हणजे माप तिथूनच हवं, त्यासाठी आधी जुना कूलर उतरवायला हवा. माझा प्रोसेसर बसतो त्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावतात. ती वाळलेली असताना कूलर सरळ वर ओढला तर चिकटलेला प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून दहा मिनिटं रेंडर चालवून पेस्ट मऊ केली, मशीन बंद केलं, स्क्रू सोडवले आणि कूलर डावीउजवीकडं हलके पिळत सोडवला. छातीत धडधडत होतं, खोटं कशाला सांगू.

मग कॅबिनेटच्या कडांवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून डेप्थ व्हर्निअर, म्हणजे आतलं अंतर मोजायचं माप, प्रोसेसरच्या माथ्यापर्यंत खाली सोडली. १६१ मिमी. नॉक्टुआचा एनएच-डी१५ मनात होता, तो १६५. दार लागलंच नसतं. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिमीचा, उष्णता वर नेणारे सहा हीटपाइप, दोन पंखे, आणि माझ्या बजेटमध्ये. त्याचा पुढचा पंखा रॅमच्या अंगावर येतो. रॅमवर उंच पत्रे असतील तर पंखा वर सरकवावा लागतो आणि एकूण उंची वाढते. माझ्या रॅमला पत्रे नाहीत, त्यामुळं तो प्रश्न मिटला.

निवडताना एका गोष्टीनं मला बरेच दिवस फसवलं होतं. परदेशातल्या चाचण्यांत ७५ अंश दिसले की मी ७५ च धरायची. त्या चाचण्या विशी-पंचविशीतल्या थंड खोलीत केलेल्या असतात. हवेचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा गार करूच शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की आकडाही जवळपास तेवढाच वर जातो. एप्रिलमध्ये दुपारी माझी खोली ३४ वर असते. हे लक्षात आल्यावर मी प्रत्येक आकड्यातून खोलीचं तापमान वजा करून राहिलेला फरकच बघायला लागले.

कूलर आल्यावर तो घेऊन मी उद्यमनगरात मामांच्या वर्कशॉपवर गेले. त्यांनी बूड हातात घेतलं, सरफेस प्लेटला, म्हणजे अगदी सपाट केलेल्या जाड पाटाला, निळी शाई लावली आणि त्यावर हलकंच टेकवलं. शाई मधे दाट उठली, कडांना विरळ.

"अगं, ग्राइंडिंग केलेला फेससुद्धा सगळीकडं टेकत न्हाई," मामा म्हणाले. "उरलेल्या जागंत हवा ऱ्हाती. हवंतनं उष्णता जाईल व्हय?"

पेस्ट कशाला लावायची ते मला त्या निळ्या ठिपक्यांत दिसलं. मामा बूड घासून सपाट करून द्यायला निघाले होते, मी थांबवलं. मधे जरासा फुगवटा काही कूलरना मुद्दाम ठेवतात, म्हणजे दाब मधोमध पडतो. शिवाय वरचा निकेलचा मुलामा गेला असता.

घरी येऊन शाई आणि जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, हरभऱ्याएवढी नवी पेस्ट ठेवली, बुडावरची प्लॅस्टिकची पट्टी आठवणीनं काढली. दोन स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळले, फ्लँजचे बोल्ट आवळतात तसे.

तेच रेंडर, तीच ३४ अंशांची खोली: ८३ अंश आणि ४.४ गिगाहर्ट्झ. एवढा मोठा कूलर लावून सत्तरीत का नाही, असं मलाही वाटलं. पण आठही कोअर सुमारे ८१ चौरस मिलिमीटरच्या एका तुकड्यात आहेत. एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर पडण्यावरच मर्यादा येते, वर पाइप कितीही असोत.

मे महिन्यात दुपारी एक ते चार मी बायोस सेटिंगमधून इको मोड लावते, म्हणजे प्रोसेसर कमी वीज घेतो. ८८ वॉटवर रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पण पंखे इतके शांत असतात की शेजारच्या खोलीत झोपलेली आई उठत नाही.