फूट व्हॉल्व्हपासून फिशटँकपर्यंत: आमची वाटचाल

माझे वडील कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात मोटरपंप दुरुस्त करायचे. उसाला पाणी उचलणाऱ्या पंपांचं काम जास्त, आणि निम्म्या गिऱ्हाइकांची तक्रार एकच: "मिस्त्री, मोटर फिरतीय, पण पाणी उचलंना." वडील पंपाला हात लावण्याआधी पाण्यातला फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची एकाच बाजूला उघडणारी झडप, वर काढायला लावायचे. झडपेत कधी गवताची काडी निघायची, कधी वाळूचा खडा. झडप पुरती बसत नाही, पाइपातलं पाणी रात्रभर खाली झिरपतं आणि सकाळी पंप कोरडा पडतो. सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर जायचो. निघालेली झडप घासून पुसून द्यायचं काम माझं.

2011 साली मी शाहूपुरीत फिशटँकचं दुकान टाकलं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं गोल्डफिश, गप्पी, खाद्य, काचा चिकटवून देणं यातच गेली. मग लोक मोठ्या टाक्या मागू लागले आणि आम्ही सम्पच्या कामात शिरलो. सम्प म्हणजे मोठ्या टाकीखालच्या कपाटातली दुसरी, लहान टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोवरून, म्हणजे जादा पाणी सांडायच्या काठावरून, तिच्यात उतरतं, तिथं गाळलं जातं आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. दिसायला देखणं, माशांना उत्तम. अडचण येते ती वीज गेल्यावर. पंप थांबला की रिटर्न नोझलमधून, म्हणजे टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपाच्या बुडालेल्या तोंडातून, पाण्याचा सायफन लागतो आणि चढलेलं पाणी त्याच पाइपानं उलटं खाली येतं. नोझल उघडं पडून आत हवा शिरेपर्यंत ते थांबत नाही.

आमचं या पद्धतीचं पहिलं मोठं काम राजारामपुरीत, पहिल्या मजल्यावर. टाकी 120 सेंटीमीटर लांब, 45 रुंद. तळाशी पाणी खेळतं राहावं म्हणून नोझल पृष्ठभागापासून 15 सेंटीमीटर खाली नेलं होतं, आणि उलटं पाणी अडवायला पाइपात एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. वीज बंद करून पाच मिनिटं पाहिलं, ओव्हरफ्लोचं थोडं पाणी उतरलं, त्यानंतर सम्पची पातळी हललीही नाही. मी निर्धास्त होऊन घरी आलो.

आठ महिन्यांनी पहाटे फोन आला. "दादा, हॉलमध्ये पाणीच पाणी झालंय, खालचे लोक वर आलेत." रात्री चार तास वीज नव्हती. मी एनआरव्ही खोलला. झडपेच्या कडेला गव्हाच्या दाण्याएवढी गोगलगाय अडकली होती, आणि बसायच्या जागेवर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार धरला होता. हिशेब तिथंच कागदावर मांडला. त्या टाकीत 1 सेंटीमीटर उंचीला 5.4 लिटर पाणी, म्हणजे 15 सेंटीमीटरचं 81 लिटर. सम्पमध्ये मोकळी जागा 31 लिटरची. उरलेलं 50 लिटर फरशीवर आणि जिन्यातून खाली. हा हिशेब मी टाकी बसवायच्या आधी करायला हवा होता. नुकसानभरपाई दिली, कपाट नवीन करून दिलं. त्या घरच्या वहिनींनी काम आमच्याकडून काढून घेतलं नाही, हे मी आजही विसरत नाही.

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "झडप आज धरतीय, उद्या धरंल का, ते तिलापण ठाऊक नसतंय."

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. सम्प मोजताना एनआरव्ही नाहीच असं धरायचं. नोझलचं तोंड पृष्ठभागाखाली दोन सेंटीमीटरवर ठेवायचं. राजारामपुरीच्या त्या टाकीत आता नोझलवाटे 11 लिटरच खाली येतं. पाणी फिरवण्यासाठी खोल नोझल हवंच असेल, तर पृष्ठभागाच्या किंचित खाली पाइपाला साधारण 5 मिलिमीटरची दोन भोकं पाडायची. पातळी उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. दोन अशासाठी की एक शेवाळानं बुजतंच. महिन्याला जुन्या टूथब्रशनं ती घासायची, हे आम्ही गिऱ्हाइकाला करून दाखवतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: एनआरव्ही अगदी नवा असला तरी ओव्हरफ्लोच्या काठावरचं पाणी खाली येणारच, ते दुसऱ्या वाटेनं येतं. तेवढी जागा सम्पमध्ये ठेवावीच लागते.

मग एनआरव्ही आम्ही अजिबात बसवत नाही का? बसवतो, जिथं त्याचा उपयोग आहे तिथं. पाइप भरलेला राहतो, वीज आल्यावर पंप हवा न ओकता लगेच चालू होतो, खाली येणारं पाणीही कमी होतं. पण दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे फिरवून सुटणारा जोड, असलेला, हातानं खोलून धुता येईल असाच घेतो. सोल्युशन लावून कायमचा चिकटवलेला एनआरव्ही साफ कोण करणार? स्प्रिंगचा घेताना स्प्रिंग पाहतो. झडप उघडायलाच अर्धा पीएसआय दाब लागत असेल, तर पंपाचा सुमारे 35 सेंटीमीटरचा हेड, म्हणजे तेवढं उंच पाणी चढवायची ताकद, तिथंच खर्च होतो. बोअरच्या मोटरला त्याचं काही वाटत नाही, फिशटँकच्या छोट्या पंपाला वाटतं. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा पितळी एनआरव्ही टाकीच्या वाटेला नेऊच नये. पितळेत तांबं असतं, आणि तांबं कोळंबीला, खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळाला मारक. आमच्याकडं सगळं यूपीव्हीसीच, म्हणजे कडक प्लास्टिकचं.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फुटांची. त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. दुकानात पाणी शिरलं, खालच्या रॅकवरचा माल गेला, मासे माळ्यावर नेऊन वाचवले. शहराचे उपसा पंप बुडाल्यानं नळ बंद, पिण्याला टँकर. अशा दिवसांत फरशीवर सांडलेलं 50 लिटर पाणी टाकीत परत कुठून भरणार? मी एकेका गिऱ्हाइकाला फोन लावत होतो. बॅटरीचा एअर पंप असेल तर लावा, खाद्य बंद ठेवा, एवढंच सांगत होतो. एअर पंप टाकीपेक्षा खाली ठेवला असेल तर त्या नळीतही छोटा एनआरव्ही लागतो, नाहीतर टाकीचं पाणी नळीवाटे पंपात उतरतं. त्या आठवड्यात बऱ्याच टाक्यांतले मासे हवेअभावी गेले, त्याचं दुःख आहे. पण आम्ही बसवलेल्या एकाही सम्पमधून पाणी बाहेर आलं नाही.

आता काम ताब्यात देताना एनआरव्हीची झडप काढून ठेवतो आणि गिऱ्हाइकालाच बटण बंद करायला सांगतो. सगळे मिळून अर्धा तास थांबतो. पाणी जिथं थांबेल तिथं सम्पच्या काचेवर लाल मार्करनं रेघ मारतो, मगच झडप परत बसवतो. पाच मिनिटांच्या चाचणीवर माझा विश्वास उरलेला नाही; हळू झिरपणारी झडप तेवढ्या वेळात पकडली जात नाही.

सध्या नागाळा पार्कात एका दवाखान्यासाठी पाच फुटी टाकी चालली आहे. डॉक्टरांना नोझल खोल हवं आहे, कारण वर दिसलेलं त्यांना आवडत नाही. भोकं पाडून झाली आहेत. रविवारी पाणी भरायचं आणि रेघ मारायची. वडील आता 76 वर्षांचे आहेत, तेही येतो म्हणालेत.