तेल न देणाऱ्या पाचजणी

काल रात्री वहिनींना नाही म्हटलं आणि आज मुद्दाम इथलं, जर्मनीतलं माग्डेबुर्ग गाठलं. जुन्या दगडांत डोकं जरा शांत होईल म्हणून. कसलं काय!

डोमच्या, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चच्या, उत्तरेच्या दाराशी जी देवडी आहे, जिला इथे पॅराडाइज म्हणतात, तिथे दहा मुली उभ्या आहेत. १२५०च्या आसपास घडवलेल्या. बायबलातली गोष्ट. नवरदेवाची वाट बघायची होती, हातात दिवे. पाचजणींनी जास्तीचं तेल आणलेलं, पाचजणींनी नाही. नवरदेव आला मध्यरात्री. शहाण्या आत गेल्या, बाकीच्यांच्या तोंडावर दार बंद. म्हणून पाच हसतायत, पाच रडतायत. एकीने डोक्याला हात लावलाय, एक छाती पिटतेय, दिवे पालथे.

एर्फुर्टच्या डोमलाही ह्या दहाजणी आहेत. तेव्हा रडणाऱ्यांची कीव करून परत आले होते. आज नजर हसणाऱ्यांवरून हलेना.

कारण गोष्टीत त्या रडणाऱ्या आधी तेल मागतात की! आणि ह्या म्हणतात, आम्हालाच पुरायचं नाही, जा, विकत आणा. मध्यरात्री! आमच्या आळीत कोणी वाटी घेऊन आलं तर डबा निपटून का होईना, देत असत.

मी तरी काय वेगळं म्हटलं? आमची जागा केवढीशी, तुमच्या वैभवसाठी इथे एखादं होस्टेल बघा. वहिनी चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिकडे थंडी किती आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

सगळ्यांना मीच दिसते. आईच्या वेळी सुद्धा... जाऊ दे. मी इथे आले तेव्हा मला कोणी ठेवून घेतलं होतं? जाऊ दे म्हणते आणि परत तिथेच येते.

आत सम्राट ऑटोची कबर आहे. तो ९७३ साली गेला. खरं तर त्याच्यासाठी आले होते, पण धड बघितलंही नाही. थांबले ते एडिथपाशी. त्याची पहिली बायको, इंग्लंडची. तिच्या भावाने दोन बहिणी पाठवल्या होत्या, पसंत पडेल ती ठेवून घ्या म्हणून. कांदेपोहे तरी झाले असतील का? हिला माग्डेबुर्ग लग्नाची भेट म्हणून मिळालं. दुसरीच्या नावाबद्दलही एकमत नाही. एडिथची कबर रिकामीच आहे असं समजत होते; २००८ साली उघडली तर आत शिशाची पेटी, पेटीत हाडं.

निघताना परत देवडीत गेले. नीट बघितलं तर हसणं आणि रडणं ह्यात फारसा फरक नाही. डोळे दोन्हीकडे तेवढेच बारीक, गाल तेवढेच वर चढलेले. फक्त हसणाऱ्यांचे दिवे सरळ. माझाही सरळच आहे म्हणा. भाडं वेळेवर, विमे सगळे भरलेले, फ्रीजरमध्ये पोळ्यांची चळत. आहे मी शहाणी, काय करणार! आलेल्या लोकांचे फोन मात्र सगळे रडणाऱ्यांकडेच वळलेले.

वहिनींना आज फोन करणार नाही. वैभवलाच करणार आहे. बाबा रे, तुला इकडे यायचंय का, हे त्याला कोणी विचारल्याचं अजून माझ्या तरी कानावर आलेलं नाही.