नापास : शून्य

ऑक्टोबर ते डिसेंबरचा आढावा जानेवारीत पुरा करायचा असतो, म्हणून गेला आठवडाभर मी चाचण्यांच्या नोंदी वाचतेय. इलिनॉयमधल्या एका मालवाहू रेल्वेत हे दप्तर माझ्याकडे आहे. संघीय नियमांच्या भाग 217 प्रमाणे अधिकाऱ्यांनी गाडीवरच्या लोकांचं काम तपासायचं आणि तारीख, वेळ, जागा, निकाल लिहून ठेवायचं. ते वर्ष सरल्यावर पुढचं अख्खं वर्ष कागद जपायचा. फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशनचा इन्स्पेक्टर मागेल तेव्हा काढून द्यायचा.

एका साहेबाने घेतलेल्या 46 चाचण्या. नापास : शून्य. सगळ्या बुधवारी दुपारी, ऑफिसच्या खिडकीतून दिसणाऱ्या यार्डात. नियम म्हणतो, कामाच्या वेगवेगळ्या परिस्थितींत तपासा. आडोशाला दबा धरून बसणाऱ्या साहेबांना इथली मंडळी ‘वीड वीझल’ म्हणतात, गवतातलं मुंगूस म्हणा हवं तर. आमचं मुंगूस थंडीत बाहेरच पडत नाही.

हाताने फिरवायच्या सांध्यांची, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडांची, तर एकही तपासणी नाही. मला तेच खुपलं. 6 जानेवारी 2005, साउथ कॅरोलायनातलं ग्रॅनिटव्हिल. आदल्या संध्याकाळी काम संपवून गेलेल्या लोकांनी सांधा सायडिंगकडेच, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळाकडे, ठेवला होता. पहाटे अडीचच्या पुढे मालगाडी तिकडे वळली, उभ्या गाडीवर आदळली, क्लोरीनची टाकी फुटली. 9 माणसं गेली, सुमारे 5,400 जणांना घरं सोडावी लागली. सांध्यांचे सध्याचे कडक नियम त्यानंतरचे, 2008चे.

माझे अण्णा भुसावळला सांधेवाले होते. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ते ओढून बघायचे. घरच्या दाराचंही तसंच, आई वैतागायची.

साहेबाला फोन केला. “सगळे नीट काम करतात, मी काय करू?” म्हणाला. म्हटलं, असेल, पण रात्रीचं कोण बघतंय? आणि हो, मागच्या तारखा घालून काही आणू नकोस.

परवा एक नोंद आली. गुरुवार, रात्री 2:20, गावाबाहेरचं धान्याचं सायडिंग. सांधा बरोबर, कुलूप कडीत नुसतं अडकवलेलं. नापास. जागेवर समज दिली. शेऱ्यात लिहिलंय, ‘तापमान 4 फॅरनहाइट’, म्हणजे उणे साडेपंधरा सेल्सिअस. तो रकाना त्यासाठी नसतो. मी खोडलं नाही.