करंगळीला जागा

पोलीस मुख्यालयात वीस वर्षं नेमबाजी शिकवली, पण पाटलांचा हात अजून डोळ्यांसमोर आहे. पांढरकवड्याकडचे कास्तकार, साठीतले, पंजा फावड्याएवढा. परवान्याचं रिव्हॉल्व्हर .३२चं, सहा गोळ्यांचं, पण दस्ता इतका आखूड की त्यांच्या मुठीत दिसेनासा व्हायचा. परवाना जुना होता, सराव मात्र कधीच केलेला नव्हता.

फेब्रुवारीची सकाळ होती, बटाच्या, म्हणजे गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या, मागची टेकडी पळसानं लाल झाली होती. १० मीटरवरच्या कागदावर पाटलांच्या पहिल्या बाराही गोळ्या खाली, डावीकडे लागल्या. उजव्या हाताच्या माणसाचं असं झालं की आम्ही शिक्षक डोळे मिटून सांगतो, चाप झटक्यात ओढताय. मीही तेच सांगितलं, दुसऱ्यांदा आवाज चढवून.

"बोट तं हळूच दाबतो ना म्या, हवालदार साहेब."

मग चक्रात तीन जिवंत गोळ्या आणि तीन रिकाम्या पुंगळ्या भरल्या. कोणती कधी येईल ते त्यांना माहीत नव्हतं. माणूस आवाजाला बिचकत असेल तर रिकाम्या पुंगळीवर नळी एकदम खाली आपटते. पाटलांची आपटली नाही. चाप मागे येऊ लागल्यापासूनच ती सावकाश डावीकडे वळत होती. म्हणजे ते खरं बोलत होते. मला वाईट वाटलं.

मी मूठ उघडायला लावली. करंगळी अधांतरी, दोन बोटांवर सगळा भार. रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे मागून गोळीवर आपटणारा भाग, चापानंच उचलायचा असला की चापाला कित्येक किलोंचा जोर लागतो, हत्याराचं वजन त्याहून फार कमी. शिवाय रायफलच्या सवयीनं मीच त्यांना बोटाचं टोक चापावर ठेवायला सांगितलं होतं. टोकात तेवढा जोर नसतो, मग सगळी मूठच आवळली जाते.

मूठ दस्त्यावर वर सरकवली, घोड्याला आड येणार नाही इतपत. बोट पहिल्या पेराच्या सांध्यापर्यंत आत घेतलं. करंगळी दस्त्याच्या बुडाखाली दुमडली. आधाराला त्यांचा डावा हात पुढे चक्रापाशी गेला, तो लगेच मागे ओढला, कारण चक्र आणि नळीच्या फटीतून तापलेला वायू जोरात बाहेर पडतो, बोट भाजतं, फाटतंही. डावा अंगठा उजव्या अंगठ्यावर आडवा बसवला. तरी लाकूड घामानं निसटत होतं. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणून दस्त्यावर चढवला.

पाटलांनी दोन-तीनदा तोलून पाहिलं. "वखराचं रुमणं बी असंच राह्यते. दाबून धरा लागते, आवळलं का हात भरून येते."

पुढच्या सहांपैकी पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत लागल्या. सहावी डावीकडे गेली. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "करंगळी सुटली होती."