गाडी कोणी चालवली?

शनिवार, रात्री साडेअकरा

आर्क्टिक वृत्तापलीकडं जाणारी अल्कन मोटार रॅली मी आणि दादानं केली, त्या सत्कारात पाडव्याला मिळालेली शाल अजून खुर्चीच्या पाठीवर तशीच पडली आहे. मुलुंडच्या या उकाड्यात शाल! घाम पुसायला बरी पडेल, असं मी स्टेजवरच म्हणाले होते आणि लोक हसलेही होते. सगळं छान चाललं होतं. सेक्रेटरींनी 'आपल्या सोसायटीची कन्या थेट उत्तर ध्रुवावर' असं ठोकून दिलं. आर्क्टिक वृत्तापासून ध्रुव अजून अडीच हजार किलोमीटरच्या वर आहे हो, अशी मनातल्या मनात दुरुस्ती करून मी नारळ घेतला. फोटो झाला. मग बी विंगच्या काकूंनी अगदी मायेनं गालावरून हात फिरवला.

"एवढ्या बर्फात गाडी चालवायची भीती नाही गं वाटली?"

"गाडी दादा चालवत होता, काकू."

"मग तू?"

"मी शेजारी."

"अगंबाई, म्हणजे फिरायला गेली होतीस होय!"

बस्स, एवढंच. नंतर मसालेदूध होतं, तेही चांगलं होतं.

पण ते 'होय' काही जात नाही डोक्यातून. आज कांदा चिरताना, काल ऑफिसला जाताना ठाण्याच्या गर्दीत, परवा झोपेत. काकूंना टीएसडी म्हणजे काय हे कळावं अशी अपेक्षा नाही. टाइम, स्पीड, डिस्टन्स, म्हणजे वेळ, वेग, अंतर यांचा मेळ घालायची रॅली. सगळ्यात जोरात जायचंच नसतं मुळी. रोडबुकात, म्हणजे वळणावळणाच्या खुणांच्या पुस्तकात, वेग दिलेला असतो, तो राखायचा आणि कुठं दडवून ठेवलेत हे माहीत नसलेल्या कंट्रोलवरून, म्हणजे वेळ टिपणाऱ्या चौकीवरून, अगदी त्या सेकंदाला जायचं. सेकंदाला एक दंडगुण. उशीर झाला तरी, लवकर पोहोचलात तरी. ताशी ४८चा वेग असेल तर किलोमीटरला ७५ सेकंद. पुढच्या वळणावर तोच ४५ होतो, मग किलोमीटरला ८०. हे सगळं गाडी हलत असताना, मांडीवर पाटी, हातात पेन्सिल. पेन्सिलच, कारण बॉलपेनची शाई गोठते. श्वासाची वाफ काचेला आतून धरते ती एका हातानं खरवडायची. दादानं फक्त "किती?" विचारायचं आणि मी "दोन मागे", "एक पुढे" म्हणायचं. दिवसभरात आमचं दुसरं बोलणं नाही.

म्हणजे फिरायलाच गेले होते एका अर्थी. अल्कन रॅली १९८४ पासून चालू आहे. पूर्ण नाव अल्कन ५०००. नावातले ५००० हे मैल आहेत, आपले आठ हजार किलोमीटर. सिएटलच्या बाजूनं निघून ब्रिटिश कोलंबिया, युकॉन, मग वर वर. त्यातला बराचसा रस्ता नुसताच कापायचा असतो, मोजणी दिवसातून एखाद-दुसऱ्या टप्प्यालाच. बाकी वेळ खिडकीबाहेर पाहायचं. पाहिलं की मी भरपूर. डेम्पस्टर हायवे ७४० किलोमीटरचा, डांबर जवळजवळ नाहीच. खालची जमीन कायमची गोठलेली, ती वितळू नये म्हणून खडीचा हा जाडजूड थर घालून त्यावर रस्ता केलाय. त्याच रस्त्यावर ईगल प्लेन्सला मुक्काम झाला. गाड्यांच्या नाकातून वायर लोंबत असते, इंजिन ऊबदार राहावं म्हणून ती रात्री प्लगला लावायची, नाहीतर सकाळी इंजिन दगड. मोबाइल चार्ज करावा तशा गाड्या ओळीनं. सकाळी निघालो तर टायर चौकोनी. रात्रभर जिथं टेकले होते तिथं चपटेच राहिले होते. पहिले दोन-तीन किलोमीटर बैलगाडीत बसल्यासारखं. पुढं पील नदी आणि मॅकेंझी नदी चक्क बर्फावरून ओलांडल्या. उन्हाळ्यात तिथं फेरीबोट असते. खाली नदी वाहते आहे, हे मी त्या वेळी स्वतःला सांगितलं नाही.

हे सगळं काकूंना सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बघ, फिरायलाच.

खरं सांगायचं तर मला तो रस्ताच नडला. त्याला नाव पडलंय डेम्पस्टर नावाच्या पोलिसाचं. १९१० च्या डिसेंबरात फिट्झजेराल्ड नावाचा अधिकारी तीन माणसं घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाला. विक्रमी वेळेत पोहोचायचं म्हणून शिधा कमी घेतला. वाटेत एसाव जॉर्ज नावाच्या तिथल्या ग्विचिन जमातीच्या वाटाड्यानं त्यांना पुढं काढून दिलं, पण मग त्याला पैसे देऊन परत पाठवलं, कारण पुढची वाट आपल्या माणसाला ठाऊक आहे असं त्यांना वाटलं. त्या माणसाला एक ओढा सापडला नाही. फॉरेस्ट क्रीक. दिवसच्या दिवस शोधला. परत फिरले, स्वतःचे कुत्रे खाल्ले, आणि चौघंही गेले. निघाले होते त्या ठाण्यापासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर फिट्झजेराल्ड सापडला, १९११ च्या मार्चमध्ये. शोधून काढलं डेम्पस्टरनं, म्हणून रस्त्याला त्याचं नाव.

ही गोष्ट मी पाडव्यापासून रोज घोळवते आहे, आणि दर वेळी स्वतःला त्या एसाव जॉर्जच्या जागी बसवते. वाट सांगणाऱ्याला पैसे देऊन परत पाठवतात. मग मरतात. काय गोड वाटतं हे मनात म्हणायला! काकू, बघा.

पण मी एसाव जॉर्ज नाही. असलेच तर ओढा न सापडलेला तो दुसरा.

युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सच्या पुढं एका आडरस्त्यावर टीएसडी होती. ताज्या बर्फावर चाकं फिरतात जास्त आणि गाडी पुढं जाते कमी, त्यामुळं गाडीचा मीटर अंतर वाढवून दाखवतो. तेवढी वजावट करत जायची. मी ती जास्त केली. मला वाटलं आपण मागे आहोत, म्हणून "वाढव" म्हटलं. दादानं वाढवली. वळणामागे कंट्रोल. १४ सेकंद आधी. ४८च्या वेगानं १४ सेकंद म्हणजे १८७ मीटर, बारा डब्यांची लोकलसुद्धा याहून लांब असते. त्याआधीच्या तीन टप्प्यांत मिळून आमचे पाच दंडगुण होते.

दादा काही बोलला नाही. त्यानं थर्मास उघडला, मला आधी दिला. तो बोलतच नाही. आईच्या वेळीही नाही बोलला. असो.

म्हणजे चूक कोणाची, तर शेजारी बसलेलीची. गाडी मी चालवली नाही, पण चुकवली मी. हे स्टेजवर कोणी विचारलं असतं तर किती बरं झालं असतं! शाल परत द्यावी लागली असती फार तर.

आज रात्री जेवताना हे बाबांजवळ बोलले. म्हणजे आधी काकूंचं बोलले, तणतणत. बाबा भाकरी मोडत ऐकत होते. मग म्हणाले, "बत्तीस वर्षं मला लोक विचारायचे, तुम्ही लोकल चालवता का. मी हो म्हणायचो."

मी बघतच राहिले. बाबा, गार्ड. मागच्या केबिनमध्ये, गाडीकडे पाठ करून निघालेल्या प्लॅटफॉर्मकडे बघत आयुष्य गेलं. दोन घंटा दिल्याशिवाय मोटरमन जागचा हलत नाही. नियमाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे, गाडी सुटायची-थांबायची तर त्यानं गार्डचं ऐकायचं. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, बाबांना ते नाव अजिबात आवडत नाही, हॉटेल चालवल्यासारखं वाटतं म्हणे. आणि हा माणूस सरळ 'हो' म्हणायचा?

"खोटं बोलायचात?"

"समजावत कोण बसणार? थांबा वीस सेकंदांचा."

नंतर मी १४ सेकंदांचं सांगितलं. दुखावले ते तिथं. भाकरी खाली ठेवली.

"आधी?"

"आधी."

"बिफोर टाइम सोडलीस?" असा आवाज मी दहावीच्या निकालानंतर ऐकला नव्हता. "अगं, उशिराला काही तरी कारण असतं. आधी गाडी सोडली तर जिन्यावरून धावत येणाऱ्याचं काय?"

"बाबा, तिथं कोण धावत येणार होतं, कोल्हा?"

"कोल्हा तर कोल्हा."

मग आम्ही दोघंही बराच वेळ हसलो. बाबांना ठसका लागला, मी पाणी आणलं.

आता ते हॉलमध्ये बसलेत, पंखा फुल, पायावर माझी सत्काराची शाल, हातात भिंग आणि रोडबुक. दोनदा हाक मारून झाली. आधी वजावटीचा हिशेब विचारला, म्हणजे माझी चूक नक्की कुठल्या पानावर झाली ते. आत्ता परत.

"हा गोळा म्हणजे गाडी?"

"हो. आणि बाण म्हणजे जायचं कुठं ते."

"बरं." थोडा वेळ शांत. भिंग पानावर टेकल्याचा आवाज. "मग यात ड्रायव्हर कुठं दाखवलाय?"

"दाखवत नाहीत, बाबा."

"हं," म्हणाले, आणि पान उलटलं.