टरफलांचा पाहुणचार

दुपारी ओसरीवर सोले काढत बसलो होतो. डिसेंबरचं ऊन पाठीला हवं असतं, डोक्याला नको. पाठ उन्हात आणि डोकं छपराखाली अशी जागा शोधायला मला काही वर्षं लागली. आता त्या जागेवर मांजराशिवाय कोणी हक्क सांगत नाही. समोर सुपात तुरीच्या ओल्या शेंगा, मांडीशी वाटी. सोल्यांचं एकच वाईट, तासभर बसलं तरी वाटी भरत नाही. पाच दाणे वाटीत पडले की दोन तोंडात जातात. आतून बायको विचारते, "झाले का जी?" तेव्हा तोंड न उघडता नुसतं हुं म्हणायचं. तीस वर्षं झाली, तिला ते हुं कळतं आणि तिला कळतं हे मलाही कळतं.

तेवढ्यात पुण्याहून पुतण्याचा फोन.

"काका, एकतीसला ऑफिसचे दहा-बारा जण घरी येतायत. थीम ठरलीय, विंटर. आपल्याकडचं काहीतरी सांगा ना खायला-प्यायला. आणि जाताना प्रत्येकाच्या हातात द्यायला एखादं गिफ्ट. छोटंसंच, पण हटके."

हटके म्हटलं की मी सावध होतो. तरी विचारलंय तर सांगावं म्हणून सुरू केलं. तुरीच्या शेंगा उकड मीठ घालून. संत्री ठेव, आंबिया बहाराची आता ऐन गोडीला आली आहेत. फल्लीच्या, म्हणजे भुईमुगाच्या, शेंगा भाज. गावरान बोरं मिळाली तर ठेव. पार्टी जानेवारीत नेलीस तर हरभऱ्याचा टहाळ मिळेल.

"काका, हे सगळं सोलावं लागतं."

"बोरं नाही लागत."

"बिया थुंकाव्या लागतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो मात्र क्षणभर थांबून खुशीत म्हणाला, "म्हणजे फिंगर फूड!" आणि मला हुरड्याचं विचारायला लागला. कुठला हुरडा, बाबा? ज्वारी पेरतो कोण? सगळं वावर सोयाबीन आणि पऱ्हाटीखाली, म्हणजे कपाशीखाली. हौसेनं कोणी एकरभर पेरलीच तर दिवसा पाखरं आणि रात्री रानडुकरं आधी पार्टी करून जातात. रोडग्यांचं, म्हणजे गोवऱ्यांच्या जगऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, मी मुद्दामच काढलं नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबुवाची जत्रा २० डिसेंबरला सुरू झाली की तिकडे जगऱ्यांच्या धुरात माणूस दिसत नाही म्हणतात. पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत यानं गोवऱ्या पेटवल्या असत्या तर बंब आला असता.

फोन ठेवल्यावर मात्र त्याचं बोलणं डोक्यात राहिलं. खरंच की. आपल्या हिवाळ्याचा सगळा पाहुणचार सोलायचा आहे. दिवाळीत पाहुण्यापुढे ताटली येते, तीत दोन चकल्या, एक करंजी, मूठभर चिवडा, सगळं घरच्या बाईनं मोजून मांडलेलं. उन्हाळ्यात पन्हं येतं, आमरस येतो, पाहुण्यानं फक्त गिळायचं. हिवाळ्यात मधोमध ढीग ओतायचा, बाजूला टरफलांसाठी टोपलं सरकवायचं आणि म्हणायचं, घ्या ना जी. काम त्याचं, माल आपला.

आमच्या आजीचा शेंगांचा गंज वेगळा होता, बुडाला काळा आणि एका बाजूला चेपलेला. शेंगा धुऊन गंजात घालायच्या, मीठ चांगलं मूठभर, पाणी मात्र जेमतेम, शेंगांच्या निम्म्यालाही पोचणार नाही इतकं. वरून तुरीचाच पाला दाबायचा आणि झाकण. चुलीत तुऱ्हाट्या. वाफ धरली की घरभर एक वास सुटायचा, ओल्या गवताचा आणि उकडलेल्या दाण्याचा मधला, थोडासा तुरट. त्या वासानं आम्ही पोरं अंगणातून आपोआप आत यायचो. सगळं ढिगानं जुन्या धोतराच्या फडक्यावर ओतलं जायचं आणि भोवती गोल धरून बसायचं. हात भाजायचे. मिठाचं पाणी बोटांवर सुकून पांढरं पडायचं. आणि नखं हिरवी-काळी व्हायची ती चार दिवस तशीच. शाळेत नखं तपासणारे गुरुजी आमच्या रांगेपुढून या दिवसांत नुसतेच निघून जात, कारण त्यांचीही तशीच असत.

शेंगा खाणाऱ्यांच्या दोन जाती. एक सोलणारे: अंगठ्यानं शिवण दाबायची, शेंग उघडायची, तीन-चार दाणे निघतात ते तळहातावर घ्यायचे आणि मग तोंडात. दुसरे ओढणारे: अख्खी शेंग दातांत धरायची आणि देठ पकडून ओढायची, दाणे आत, टरफल बाहेर. माझे वडील ओढणारे, मी सोलणारा. तिसरी एक जात आहे, तिच्याविषयी मला राग आहे. ते स्वतः एक शेंग सोलतात आणि गप्पांच्या भरात शेजाऱ्याच्या तळहातावरचे दाणे उचलतात. असा माणूस दिसला की मी त्याच्याशी पैशाचा व्यवहार करत नाही. बायको म्हणते हा तुमचा चक्रमपणा आहे. असेल.

आजीचा एक नियम होता. शेंगेत अळी निघाली तर बाजूला ठेवायची, ओरडायचं नाही. "अळीनं खाल्लं म्हणजे शेंग गोड हाये," एवढंच म्हणायची.

याच शेंगांनी आमच्या ताईची एक सोयरीक मोडली. ताईला पाहायला हिवाळ्यात पाहुणे आले, न कळवता, दुपारी चार वाजता. घरात पोहे भिजवायची तयारी सुरू झाली, पण गंजात शेंगा उकडून तयार होत्या आणि आजीनं सरळ त्या पुढे ओतल्या. मुलाचे वडील सफारीत होते, पांढऱ्या. त्यांनी एक शेंग दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिली. मुलगा मान खाली घालून खात होता, ओढणाऱ्यांपैकी, आणि चांगला खात होता. पण आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की पाहुण्यांना शेंगा सोलायला लावल्या, ही काय रीत झाली. वडील दोन दिवस जेवले नाहीत नीट. आजी म्हणाली, "बरं झालं. टरफलं खाली टाकली होती त्यानं. टोपलं समोर होतं." ताईचं पुढच्या वर्षी झालं, उन्हाळ्यात, रीतसर पोह्यांवर. भाऊजी माणूस सोन्यासारखा, फक्त शेंगा खात नाहीत, पोट बिघडतं म्हणे.

पिण्याचं काय, हेही पुतण्यानं विचारलं होतं. आमचा वर्धा जिल्हा, गांधीजींचा सेवाग्राम इथे, दारूबंदी लागू होऊन कित्येक वर्षं झाली. तेव्हा तसलं काही विचारायचं असेल तर पत्ता चुकला, असं मी म्हणालो. तो नुसता हसला. गावाबाहेरच्या नाल्याकाठी कोण कशासाठी जातो ते त्यालाही ठाऊक आहे. मी त्याला गुळाचा चहा सांगितला. अद्रक ठेचून, गवती चहाची पात घालून पाणी चांगलं उकळायचं, गूळ टाकायचा आणि खाली उतरवल्यावर मग वेगळं तापवलेलं दूध. गूळ आणि दूध एकत्र उकळलं की फाटतो, आणि मग लोक म्हणतात गुळाचा चहा चांगला लागत नाही.

राहता राहिलं गिफ्ट. या बाबतीत मला विचारू नये. संक्रांतीचं वाण आमच्याकडे कसं होतं ते मी पाहिलेलं आहे: मातीच्या सुगड्यात उसाचं कांडं, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे, तीळ. जे त्या आठवड्यात वावरात असेल ते. आता संक्रांत १४ ची असो की १५ ची, बायको हळदीकुंकवाहून येते ती प्लास्टिक घेऊन. आमच्या घरात आजमितीला चहाच्या ११ गाळण्या आहेत. चहा दोनदा होतो. गेल्या वर्षी तर एका घरून आम्हीच दोन वर्षांपूर्वी वाटलेली साबणाची डबी परत आली, तिच्यावर आमच्याच पोरानं पेनानं ओढलेली रेघ होती. बायको म्हणाली, बरंय, फिरून घरी आली. मी काही बोललो नाही.

म्हणून मी पुतण्याला म्हटलं, गिफ्टचं मी पाहतो. फक्त एकतीसपर्यंत थांबू नको, शेंगा निब्बर होतील, नाताळात उरकून घे. त्यानं खरंच तारीख बदलली. मी वर्ध्याहून गोरसपाकाचे डबे आणले, गाईच्या तुपाचा, खुसखुशीत, तो प्रवासात टिकतो आणि सोलावा लागत नाही. आणि धुऱ्याजवळच्या, बांधाकडच्या, दोन तासांतल्या म्हणजे ओळींतल्या शेंगा तोडल्या. तोडायला मी, बायको आणि शेजारची काकू, सकाळचं दंव उडाल्यावर, कारण ओल्या शेंगा कोंबल्या की वाफारतात, काळ्या पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत तर घालूच नये. आमच्या मोठ्या आत्याच्या हातची एक सुतळीची जाळीदार पिशवी आहे, तीत भरल्या आणि आर्वीला जाऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये टाकल्या.

पार्टीच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. शेंगा संपल्या म्हणाला. एक मुलगी बंगालची होती, तिनं एकटीनं टोपलंभर टरफलं केली. मग जरा थांबला.

"काका, एक झालं. शेंगांत अळ्या निघाल्या. दोघीजणी ओरडल्या. मला फार ऑड वाटलं. फवारणी केली नव्हती का?"

केली नव्हती. त्या दोन तासांवर कधीच करत नाही. बाकीच्या तुरीवर करतो, करावीच लागते. ढगाळ हवा आली की अळी रातोरात फुलं खाते आणि मग हाती काही लागत नाही. पण घरच्या खाण्यासाठी धुऱ्याकडची दोन तासं सोडायची, ही आमच्या भागातल्या पुष्कळ घरांची रीत आहे. त्याबद्दल कोणी बोलत नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. त्या पावसाळ्यात आमच्याकडचा फवारणीवाला गडीही दोन दिवस डोळे चोळत पडून होता. त्याला दिसायला लागलं, पण पंप त्यानं पुन्हा पाठीवर घेतला नाही. आता मीच घेतो, तोंडाला रुमाल बांधून. बाजारात जाणारी तूर त्यातूनच जाते.

हे सगळं काही फोनवर सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "तुमच्या वाटच्या शेंगांवर मारलं नव्हतं. पुढच्या वर्षी मारून पाठवू?"

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही.

"नको," तो म्हणाला.

"मग ती पिशवी तेवढी परत पाठव. आत्याची आहे."