काउंटरवर सोडियम विचारलं तेव्हा

एखाद्या पदार्थात मीठ किती आहे, एवढं कळायला मॅनेजरपर्यंत जावं लागावं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माझं काम बँकांच्या शाखा तपासण्याचं. या आठवड्यात सोलापूर, पुढच्या आठवड्यात नाशिक. घरचा डबा पहिल्या दिवसापुरता, नंतर सगळं बाहेरचं. बीपी निघालं तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली आणि सांगितलं, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा. म्हणजे सपाट एक चमचा, तोही दिवसभरातलं सगळं धरून. गोळी, चालणं, घरातलं लोणचं-पापड बंद करणं, हे सुरळीत झालं. अडलं ते बाहेरच्या खाण्याशी.

त्यातही गाडीवर फारसं अडत नाही, कारण करणारा समोर उभा असतो. "दादा, बटर एकाच बाजूला, चीज नको, वरून मसाला नको," एवढं सांगितलं की सँडविच तसं मिळतं. मिसळ घेतली तर फरसाण वेगळ्या वाटीत मागायचं आणि मटकी जास्त घालायला सांगायची. वडापावसोबतची मीठ लावलेली मिरची मी घेतच नाही. वडा तळलेलाच असतो, तेव्हा एकावर थांबायचं.

पण रात्री उशिरा हायवेवर किंवा अनोळखी शहरात मला मोठ्या साखळीचं बर्गरचं दुकानच बरं वाटतं. उजेड असतो, स्वच्छतागृह असतं, बाईमाणसाला एकटीने निवांत बसता येतं. आणि खरं तर आकडे मिळण्याची हक्काची जागा तीच. १ जुलै २०२२ पासून एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम लागू आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी मेन्यूत पदार्थासमोर कॅलरी लिहायच्या. बाकीची पोषणमाहिती ग्राहकाने मागितली की पुस्तिका, पत्रक किंवा वेबसाइटवर द्यायची.

बर्गरच्या अशाच एका दुकानात मी ती माहिती मागितली. बोर्ड म्हणजे टीव्हीचे पडदे. किंमत हातभर, कॅलरी मुंगीएवढ्या, आणि वाचेवाचेपर्यंत पडदा बदलून आइस्क्रीमची जाहिरात. कॉम्बोसमोर तर एकच आकडा नाही, कमीत कमी ते जास्तीत जास्त असा लांबलचक पट्टा. त्यावरून माणसाने काय ठरवायचं? मिठाचा अंदाज ज्यावरून येतो ते सोडियम कुठेच नाही. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, तर तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आम्ही वरून मीठ टाकत नाही, फक्त फ्राइजवर टाकतो." त्याला कुणी शिकवलंच नसेल तर त्याचा काय दोष? पण सोडियम पावात असतं, चीजच्या स्लाइसमध्ये असतं, सॉसमध्ये, टिक्कीत, लोणच्याच्या काकडीत असतं. वरून टाकलेलं मीठ हा त्यातला एक भाग झाला.

त्याने क्यूआर कोड दाखवला. स्कॅन केला तर अॅप उतरवून घ्या. अॅपमध्ये मोबाइल नंबर, मग ओटीपी, मग लोकेशनची परवानगी, आणि त्यानंतर समोर आलं काय, तर मोठ्या कॉम्बोचं कुपन. माहिती नाहीच. तोवर मॅनेजर आले. "मॅडम, सगळं वेबसाइटवर आहे."

"मग तुमच्या फोनवर काढून दाखवा ना."

त्यांनी शोधलं, बरंच शोधलं, सापडलं नाही. मागे रांग खोळंबली. एक काका वैतागून म्हणाले, "अहो ताई, रोज थोडंच खायचंय? घ्या की काहीतरी." मी रांगेतून बाजूला झाले, पण काउंटर सोडलं नाही. जे माझ्या पोटात जाणार ते विचारायची लाज मला का वाटावी? शेवटी मॅनेजर आतल्या खोलीत गेले आणि फाइलमधून लॅमिनेट केलेला एक तक्ता घेऊन आले. कोपरे चिकट, अक्षर बारीक. पण रकाना होता: सोडियम, मिलिग्रॅममध्ये. बोर्डावर सगळ्यात मोठ्याने झळकणारे नवे बर्गर मात्र त्यात नव्हतेच.

मी त्या तक्त्याचा फोटो काढला, आणि खरं सांगते, सगळा शीण उतरला. हिशोब सोपा आहे. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ, २००० म्हणजे दिवसाचा कोटा संपला. "लाइट" म्हणून मिरवणारा रॅप साध्या व्हेज बर्गरपेक्षा बराच जास्त सोडियमचा निघाला, सॉस आणि चीजमुळे. मोठ्या चीज बर्गरला फ्राइज जोडले तर दिवसाचं निम्म्याहून जास्त मीठ एका ताटात येत होतं.

आता माझी ऑर्डर ठरलेली आहे. सगळ्यात लहान साधा बर्गर, चीज नको, मेयो नको. मेयोच्या एका मोठ्या चमच्यातच ९०-१०० कॅलरी असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी फायदा. फ्राइज खायचेच असले तर लहान, "मीठ न घालता". हे पैसे देण्याआधी सांगा, कारण मग ते ताजे तळून द्यावे लागतात आणि पाच-सात मिनिटं थांबावं लागतं. थांबा. गरमागरम मिळतात. केचपच्या पुड्या परत द्या, त्यात मीठ आणि साखर दोन्ही असतं. "थोडे पैसे टाकून लार्ज करू का?" याला नाही म्हणा. कोलात १०० मिलीला साधारण १०-११ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलीच्या ग्लासात तीस ग्रॅमच्या वर. मी पाणी घेते. पाकिटातलं मसाला ताक आरोग्याचं वाटतं, पण त्याच्या मागचा सोडियमचा आकडा एकदा वाचा.

हो, घरपोच मागवताना अॅपमध्ये "मेयो नको" असा पर्याय बऱ्याचदा पदार्थाच्या आत दडलेला असतो. तिथे जाऊन बदला. नुसत्या सूचनेच्या चौकटीत लिहिलेलं स्वयंपाकघरात वाचलं जाईलच असं नाही.

त्या शाखेतल्या बोर्डाची तक्रार मी एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट अॅपवर फोटोसकट केली आहे. तुम्हाला करायची असेल तर बिल फेकू नका. त्यावर १४ अंकी परवाना क्रमांक छापलेला असतो, म्हणजे कोणत्या दुकानाबद्दल बोलताय यावर वाद उरत नाही.